नाचाची धून कागदावर इतकी कमी का सापडते?

मध्ययुगीन युरोपचं संगीत म्हटलं की चर्चमधलं गायनच आठवतं, कारण लिहिता येणारी माणसं बहुतेक मठ आणि चर्चमधलीच होती, त्यांनी आपलं तेवढं लिहून ठेवलं. पण लग्नात, जत्रेत, राजाच्या मेजवानीत लोक नाचत होतेच की! वाजवणारे मात्र सगळं कानाने शिकायचे, त्यामुळे तेराव्या-चौदाव्या शतकातलं नाचाचं वाजवणं आज फार थोडं उरलंय, आणि याची मला खरंच हळहळ वाटते.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तेराव्या शतकातलं गाण्यांचं एक मोठं हस्तलिखित आहे, त्यात १३०० च्या आसपास कोणीतरी रिकाम्या जागांवर आठ एस्टांपी (वाद्यांवर वाजवायची त्या काळची एक रचना) आणि थोडे नाच उतरवून ठेवले, एकालाही शब्द नाहीत. रिकाम्या जागा होत्या म्हणून हे वाचलं! एस्टांपीची बांधणी बघा, छोटे छोटे तुकडे, प्रत्येक तुकडा दोनदा, पहिल्यांदा शेवट अधांतरी सोडायचा आणि दुसऱ्यांदा नीट घरी आणायचा, आणि हे दोन्ही शेवट सगळ्या तुकड्यांना तेच, म्हणजे आपल्याकडे अंतरा संपला की परत मुखड्यावर येतात ना, साधारण तसं. त्याच काळात पॅरिसमधल्या संगीतावर लिहिणाऱ्या योहानेस दे ग्रोकेओने लिहिलंय की तंतुवाद्यांत व्हिएल सगळ्यात वरचढ (गजाने वाजवायचं, व्हायोलिनच्या आधीचं), आणि एस्टांपी अवघड असल्यामुळे वाजवणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं मन तिथेच खिळतं, श्रीमंतांचं मन तर वाईट विचारांपासून लांब राहतं. इटलीतलं १४०० च्या सुमाराचं हस्तलिखित आता लंडनला आहे, त्यात अशा १५ रचना आहेत, उड्या मारत नाचायचे साल्तारेल्लोसुद्धा.

वाद्यं बरीचशी अरबांकडून आली. ल्यूट (तारा छेडून वाजवायचं) म्हणजे अल-ऊद, रेबेक (गजाने वाजवायचं) म्हणजे रबाब, आणि छोट्या जोडनगाऱ्याला इंग्लंडमध्ये नेकर म्हणायचे तो शब्द अरबी नक्कारा, ज्यावरून आपला नगारा आला. शॉम तर सनईच्याच जातीचं, मोठा आवाज, उघड्यावर वाजवायचं.

वाजवणाऱ्यांची पत मात्र वाईट होती. साक्सेनश्पीगेल नावाच्या जर्मन कायद्याच्या पुस्तकात (१२२० ते १२३५ च्या दरम्यानचं) वादकाचं कोणी नुकसान केलं तर भरपाई म्हणून त्याला काय मिळणार, तर एका माणसाची सावली! दुसरीकडे १३०६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडच्या राजपुत्राला नाइट केलं तेव्हा शंभराहून जास्त वादक आणि कलाकार बोलावले होते आणि त्यांना दिलेल्या पैशांची यादी अजून आहे, म्हणजे त्यांच्याशिवाय समारंभ होत नव्हता आणि तरी कायद्यात त्यांना किंमत नव्हती.

मग पॅरिसच्या वादकांनी १३२१ मध्ये स्वतःचा संघ काढला, ३७ जणांनी नियम मान्य केले, त्यात बायकाही होत्या. नियम अगदी धंद्याचे, काम घेतलं की मध्येच उठून जायचं नाही, आजारपण, तुरुंग किंवा तशीच अडचण असल्याशिवाय बदली माणूस पाठवायचा नाही, आणि वादकांच्या गल्लीत कोणी गिऱ्हाईक आलं तर त्याच्या पुढे पुढे करून स्वतःला घुसवायचं नाही, ज्याला हवा त्याला त्याने निवडू द्यायचं.