पंधरा वेळा रखडत, मग सुसाट

"स्प्रिंगमुळे ॲप स्लो झालंय, रिफ्लेक्शन वापरतं ना ते." जावावाल्या टीममध्ये हे वाक्य कोणीतरी टाकतंच. अर्धं खरंय. (स्प्रिंग म्हणजे जावाचं एक फ्रेमवर्क, रिफ्लेक्शन म्हणजे प्रोग्रॅमने चालू असतानाच क्लास शोधून, तपासून वापरणं.)

क्लासला लागणारा ऑब्जेक्ट त्याने स्वतः न्यू करून बनवायचा नाही, बाहेरून आणून द्यायचा, याला मार्टिन फाउलरने 2004 साली डिपेंडन्सी इंजेक्शन म्हटलं. आणून देतो तो कंटेनर, स्प्रिंगमध्ये असतो तसा, पण तो लिहिला गेला तेव्हा तुमचे क्लास जन्मलेही नव्हते, मग बिचारा रन टाइमला क्लास शोधतो, कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारा कोड) बघतो आणि रिफ्लेक्शनने बोलावतो. साधं न्यू असलं की जेआयटी कंपायलर (प्रोग्रॅम चालू असतानाच कोड मशीनच्या भाषेत नेणारा) ते इनलाइन करू शकतो, म्हणजे कॉलच्या जागी थेट आतला कोडच घालू शकतो, इथे त्याला ते अवघड जातं.

आता माझा आवडता भाग. जावा 17 पर्यंत जेडीके (जावाचं टूलकिट) असं करायचं की रिफ्लेक्शनचे पहिले 15 कॉल नेटिव्ह कोडमधून (म्हणजे जावाबाहेरच्या, थेट मशीनसाठीच्या कोडमधून), आणि त्यानंतर त्या एका कन्स्ट्रक्टरसाठी बाइटकोड (जावाचा कंपाइल झालेला कोड) लिहून चक्क नवा क्लास तयार! जुन्या स्टॅक ट्रेसमध्ये जनरेटेडकन्स्ट्रक्टरॲक्सेसर आणि त्याला चिकटलेला आकडा दिसतो ना, तोच हा. मग पहिल्यापासूनच का नाही? जेडीकेच्या सोर्समधल्या कॉमेंटमध्येच लिहिलंय, क्लास बनवून केलेला पहिला कॉल नेटिव्हपेक्षा 3-4 पट महाग पडतो, नंतरचे मात्र 20 पटींहून फास्ट. ऑब्जेक्ट एकदाच लागणार असेल तर एवढा खटाटोप फुकट. जावा 18 मध्ये हे सगळं मेथड हँडलवर (मेथडकडे थेट बोट दाखवणाऱ्या ऑब्जेक्टवर) गेलं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटचा कंटेनर त्याच चालीचा, फक्त तो उतावळा, दुसऱ्याच मागणीला बॅकग्राउंडला कंपाइल करायला घेतो.

स्प्रिंगचा बीन (कंटेनरने सांभाळलेला ऑब्जेक्ट) डिफॉल्ट सिंगलटन, म्हणजे एकदाच बनतो, त्यामुळे फटका बसतो तो सुरू होताना, क्लासपाथ स्कॅन (सगळे क्लास धुंडाळणं) आणि प्रॉक्सी (खऱ्या ऑब्जेक्टच्या पुढे उभे राहणारे बदली ऑब्जेक्ट) बनवण्यात. दर रिक्वेस्टला नवा ऑब्जेक्ट मागितलात आणि त्याच्यामागे डिपेंडन्सींची लांब शेपटी असली तर मात्र मोजून बघा. बाकी 'कंटेनर बदला, ॲप उडेल' छापाचे बेंचमार्क रिकाम्या कन्स्ट्रक्टरचे लाखो ऑब्जेक्ट बनवतात, वाचतात नॅनोसेकंद, आणि तुमची रिक्वेस्ट डेटाबेससमोर मिलिसेकंद ताटकळतेय. दसऱ्याला सर्व्हरला हार घालून जेवढा फरक पडतो तेवढाच.

मोबाइलवर ॲप उघडायला वेळ लागलेला कोणी खपवून घेत नाही, म्हणून अँड्रॉइडवर वापरलं जाणारं डिपेंडन्सी इंजेक्शनचं टूल डॅगर 2 हे वायरिंग (कोणाला कुठला ऑब्जेक्ट द्यायचा ते) कंपाइल करतानाच साध्या जावा कोडमध्ये लिहून टाकतो. 2022 च्या स्प्रिंग 6 मध्येही असा एओटी (अहेड ऑफ टाइम, आधीच तयारी करणारा) मोड आला, पण त्यात कुठले बीन असणार ते बिल्डलाच ठरतं, तीच जार (बिल्ड झालेली फाइल) ठेवून सर्व्हरवर नुसतं प्रोफाइल (टेस्टचा, प्रॉडक्शनचा असा सेटिंगचा संच) बदलायची सोय गेली.