नॅपकिन स्टँडवरचा तांबूस ठिपका: स्टेनलेस की क्रोम?

बेसिनशेजारी कट्ट्यावर ठेवायचा नॅपकिन स्टँड बहुतेक दुकानांत दोन जातींचा असतो आणि दोन्ही सारखेच चकाकतात. एक स्टेनलेस स्टीलचा, दुसरा लोखंडी नळीवर क्रोमचा मुलामा चढवलेला. दुकानदाराच्या तोंडी दोन्ही ‘स्टील’च. काही महिने ओले नॅपकिन लटकले की दोन्हींवर तांबूस ठिपका उमटू शकतो आणि घरात एकच निष्कर्ष निघतो: फसवलं, गंजला! पण स्टेनलेसवरचा ठिपका बहुधा वरून आलेला असतो आणि क्रोमवरचा आतून. वरचा पुसला जातो. आतला पुसला तरी चार दिवसांत परत येतो.

स्टेनलेसमध्ये क्रोमियम धातूतच मुरलेलं असतं, किमान साडेदहा टक्के. बाथरूमसाठी ज्याला चांगला म्हणतात त्या ३०४ ग्रेडमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. भांड्यांवर ‘१८/८’ लिहितात ते हेच. हवेतल्या ऑक्सिजनमुळे या क्रोमियमचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड पृष्ठभागावर धरतो आणि खालच्या लोखंडाला पाणी-हवा लागू देत नाही. ओरखडा पडला तर दुधावरची साय मोडल्यावर पुन्हा धरावी तसा तो पुन्हा धरतो. त्यासाठी पृष्ठभाग स्वच्छ आणि हवेशीर मात्र हवा.

क्रोमच्या स्टँडवर जी निळसर झाक मारणारी चकाकी दिसते, तो क्रोमचा थर बहुधा अर्धा मायक्रॉनही नसतो. खरं रक्षण त्याखालचा निकेलचा थर करतो. चांगल्या कामात तो दहा-वीस मायक्रॉनचा असतो. स्वस्त मालात काटकसर होते ती इथेच, आणि ती बाहेरून दिसत नाही. मुलाम्याला बारीक छिद्र पडलं, नॅपकिनची कडी घासून तो झिजला किंवा स्टँड नळावर आपटला की पाणी लोखंडापर्यंत पोचतं. मग ओलाव्यात निकेल आणि लोखंड यांची चक्क बॅटरी बनते आणि त्या जोडीत झिजायचं काम लोखंडाकडे येतं. निकेलचा पसारा मोठा, उघडं पडलेलं लोखंड टाचणीच्या टोकाएवढं, म्हणून गंज त्याच जागी खोल जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो मुलाम्याला आतून उचलतो, आधी फोड येतो आणि मग पापुद्रे सुटतात. (जीआय पाइपवरच्या जस्ताचं उलट असतं. तिथे जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं. मुलामा म्हणजे सगळे सारखेच, असं धरून चालू नये.)

म्हणून ठिपका दिसला की आधी स्टँड उजेडात धरा आणि ठिपक्यावरून नख फिरवा. नख गुळगुळीत सरकलं आणि ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन चोळल्यावर खाली स्वच्छ धातू दिसला, तर तो वरचा डाग. नख कडेला अडलं, भोवती बारीक फुगवटा लागला आणि पुसल्यावर मधे काळा बिंदू उरला, तर मुलामा फुटला आहे. तिथे सोडा, लिंबू, टूथपेस्ट काहीही लावा, उपयोग नाही. उलट जितकं घासाल तितकी कड सुटत जाते. ती जागा पूर्ण कोरडी करून वर बिनरंगी नेलपॉलिश लावलं तर गंज काही काळ लांबतो, एवढंच.

स्टेनलेसवर डाग येतो कुठून? बऱ्याचदा आपणच आणतो. लोखंडी तारेच्या घासणीने घासलं की तिचे कण पृष्ठभागावर अडकतात आणि ते गंजतात. स्टँड जागच्या जागी ठीक असतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर तेही वाळून तांबूस होतं. आणि मुंबईपासून कोकण-गोव्यापर्यंत, समुद्राच्या जवळ, खारी हवा आहेच. मिठातलं क्लोराइड हा स्टेनलेसचा खरा वैरी. किनाऱ्यालगत ३०४ वरही चहा सांडून वाळल्यासारखे फिके तपकिरी डाग येतात. वाईट दिसतात, पण बहुधा वरवरचे असतात. समुद्राकडे तोंड असलेल्या घरात, खिडकी सतत उघडी राहत असेल तर ३१६ ग्रेडला पैसे मोजण्यात अर्थ आहे. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते क्लोराइडला तोंड देतं. पुण्या-नाशकात एवढा खर्च कशाला?

ओळखायची कशी ही दोन? चुंबक सगळे सुचवतात, पण ती अर्धवट परीक्षा आहे. चुंबक घट्ट चिकटला तर बहुधा मुलाम्याचं लोखंड, किंवा ४३० सारखं निकेल नसलेलं स्टेनलेस. चिकटला नाही म्हणून ३०४ ठरत नाही. पितळेवर किंवा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूवर क्रोम असेल तरी चुंबक चिकटत नाही, आणि २०२ ग्रेडलाही नाही. हे ‘टू-ओ-टू’ बाजारात भरपूर आहे: निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं, स्वस्त, आणि दमट बाथरूममध्ये ३०४ पेक्षा लवकर डागाळणारं. शिवाय ३०४ ची नळी जिथे वाकवलेली असते तिथे ती किंचित चुंबक धरते, म्हणून वाकणावर चाचणी करूच नका. माझा भरवसा जास्त आहे तो नळीच्या उघड्या टोकावर. प्लास्टिकचं बूच काढून आत बघा. मुलाम्याच्या नळीला आत सहसा चकाकी नसते. काळसर, खरबरीत लोखंड दिसतं. स्टेनलेस आतूनही स्टेनलेसच. आणि खोक्यावर ‘एसएस फिनिश’ असेल तर तो फक्त रंगरूपाचा दाखला. ‘एसएस ३०४’ असं स्वच्छ लिहिलेलं हवं, बिलावरही.

निगा दोघांची वेगळी. स्टेनलेसला घासलेलं चालतं. मऊ स्पंज, साबणाचं पाणी, मॅट फिनिश असेल तर रेघांच्या दिशेने, मग साधं पाणी आणि कोरडं फडकं. क्रोमला घासायचं नाही, फक्त पुसायचं, आणि ओलं ठेवायचं नाही. जड पाण्याचे पांढरे डाग दोन्हींवर येतात. पातळ व्हिनेगरचं फडकं मिनिटभर दाबून धरा, लगेच धुऊन कोरडं करा. कट्टा संगमरवरी असेल तर हे मोरीत नेऊन करा, व्हिनेगरचा थेंब संगमरवराची चकाकी कायमची खातो.

दोघांनाही चालत नाही ते ॲसिड. कमोड साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते क्रोम आणि स्टेनलेस दोन्हींना चावतं. ते स्टँडवर उडायलाच हवं असं नाही. बंद बाथरूममध्ये नुसती वाफ पुरते. ब्लीचमध्येही क्लोरीन आहेच. सफाईच्या दिवशी स्टँड बाहेर ठेवणं दहा सेकंदांचं काम आहे.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बैठकीकडे. स्टँड कलंडू नये म्हणून तळाला वजन लागतं आणि वर स्टेनलेस असलं तरी आत पुष्कळदा साधी लोखंडी चकती असते, खाली रबर किंवा फेल्टचा तुकडा चिकटवलेला. बेसिनचं पाणी तिथेच झिरपतं आणि तिथे हवा खेळत नाही. स्टेनलेसवरच्या ऑक्साइडच्या थरालाही अशी जागा मानवत नाही. कट्ट्यावर तांबूस वर्तुळ उमटलं की बरेच जण दांडी पुसत बसतात. स्टँड उलटा करून बघा, फेल्ट ओलं लागलं तर काढून टाका, चकती वाळवून तिच्यावर गंजरोधक रंगाचा हात द्या आणि खाली सिलिकॉनची बटणं चिकटवा. कट्टा आणि बैठक यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट राहिली की पुरे. क्रोमच्या स्टँडचे पापुद्रे सुटायला लागले असतील तर मात्र हा खटाटोप करू नका. पुन्हा मुलामा द्यायला जुना पूर्ण उतरवावा लागतो, घासून गुळगुळीत करावं लागतं, आणि एका स्टँडसाठी तेवढ्या मजुरीत नवा येतो. सुटलेल्या पापुद्र्याची कड पात्यासारखी असते, नॅपकिन ओढताना बोट कापतं. तो सरळ भंगारवाल्याला द्या.