इमारत दालनात मावत नाही

मूर्ती काचेच्या कपाटात ठेवता येते, ताम्रपट मखमलीवर मांडता येतो. पण वाडा, तट किंवा देऊळ कुठे ठेवायचे? वास्तुकलेच्या संग्रहालयांचा बराचसा इतिहास याच अडचणीभोवती फिरतो. सोलापूरच्या जुन्या वास्तूंविषयी बोलतानाही हा इतिहास ठाऊक असलेला बरा.

सुरुवात तुकड्यांपासून झाली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत चर्चमधून उखडली गेलेली थडगी आणि शिल्पे वाचवून अलेक्सांद्र लनुआर यांनी 1795 मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे संग्रहालय उघडले. 1816 मध्ये ते बंद झाले. पुढे मूळ दगडाला हात न लावता त्याचा ठसा घेऊन प्लास्टरची प्रतिकृती उभारण्याची पद्धत रुळली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात 1873 मध्ये अशा प्रतिकृतींची भव्य दालने खुली झाली. रोमचा ट्राजन स्तंभ छताखाली मावेना, म्हणून त्याची प्रतिकृती दोन भागांत शेजारीशेजारी उभी करावी लागली. त्याच दालनात सांचीच्या पूर्व तोरणाची प्रतिकृतीही होती. तिचे साचे हेन्री हार्डी कोल या लष्करी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सांचीतच घेतले गेले होते. तिसरा मार्ग अख्खे घर उचलून नेण्याचा. स्टॉकहोममध्ये 1891 मध्ये सुरू झालेल्या स्कानसेनमध्ये स्वीडनच्या निरनिराळ्या भागांतली घरे आणून उभी केली आहेत, आणि चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रमध्ये 1996 पासून दक्षिण भारतातली जुनी घरे पाहायला मिळतात. आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकर यांनी कोरीव दारे-खिडक्या जमवल्या आणि कोथरूडचा मस्तानी महाल आपल्या संग्रहालयात पुन्हा उभारला. हे काम मोलाचे खरेच, तरीही भिंतीवाचून टांगलेले दार पाहताना हे कुठल्या अंगणात उघडत असेल, असा प्रश्न मनात येतोच.

सोलापूर परिसराचे वैशिष्ट्य असे, की इथल्या कितीतरी गोष्टी अजून आपापल्या जागी आहेत. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वर मंदिरातील तुळईवर शके 940, म्हणजे इसवी सन 1018 मधला मराठी लेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. ‘वाचितो विजेया होइवा’, म्हणजे जो वाचील तो विजयी होईल, हे त्यातले शब्द वाचायला तुळईखाली उभे राहून मान वर करावी लागते. तोच दगड कापून एखाद्या दालनात डोळ्यांच्या उंचीवर लावला असता, तर अक्षरे तीच राहिली असती, पण आत येणाऱ्याने मान वर करून वाचायचा तो लेख राहिला नसता.

शहरातील भुईकोट किल्ल्यात दगडांचे स्थलांतर वेगळ्याच तऱ्हेने झालेले आहे. बहमनी काळातला हा दुहेरी तटाचा, खंदकाने वेढलेला कोट सोळाव्या शतकात निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात हुंड्याच्या कलहाचे कारण ठरला आणि 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. त्याच्या आत प्राचीन देवालयाचे अवशेष आहेत आणि जुन्या देवळाचे खांब वापरून उभारलेली बत्तीस खांबी इमारतही आहे. एका वास्तूचे दगड दुसरीत कसे जिरतात, हे इथे एका नजरेत दिसते, आणि त्यासाठी वेगळी फलकमांडणी लागत नाही.

मात्र किल्ले-देवळांना जे संरक्षण मिळते ते साध्या घरांना मिळत नाही. भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर स्मारक म्हणून जपले गेले, कारण 1910 मध्ये जन्मलेल्या त्या डॉक्टरांचे नाव चीनपर्यंत पोहोचले होते. ज्या घरातून कोणी प्रसिद्ध झाले नाही, त्याला ही सवलत नाही. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीमुळे आणि तिच्यामागून आलेल्या इतर गिरण्यांमुळे शहर वाढले, पण गिरणगावची वस्ती आणि जुन्या गल्ल्यांतली माळवदे कुठल्याच संग्रहात नाहीत. माळवदाचे घर म्हणजे जाड भिंती, वर तुळया-कड्यांचे छत, त्यावर पाणी न मुरू देणारी पांढरी माती आणि स्वयंपाकघरात उजेड यावा, धूर जावा म्हणून छतात ठेवलेले साणे. असे घर पाडायचे ठरले तर मोजमापांचे आराखडे आणि छायाचित्रे तरी आधी घ्यायला हवीत, असे माझे मत आहे, कारण पाडल्यावर तुळया आणि दारे जुन्या लाकडाच्या वखारीत जातात आणि पांढरी माती ट्रॅक्टरमध्ये भरून गावाबाहेर ओतली जाते.