बहात्तरचा दुष्काळ

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील जिल्ह्यांत १९७० ते १९७३ या काळात पडलेला दुष्काळ. सर्वांत कठीण गेले ते १९७२-७३ हे वर्ष, म्हणून लोकांच्या तोंडी तो ‘बहात्तरचा दुष्काळ’ झाला. गावाकडे एखाद्याचे जन्मवर्ष, लग्न किंवा जमिनीचा व्यवहार अजूनही ‘बहात्तरच्या आधीचा’ किंवा ‘नंतरचा’ असा सांगितला जातो. माणसे किती मेली यावर मोजले, तर आधीच्या शतकांतील दुष्काळांपुढे तो सौम्य म्हणावा लागेल. पण महाराष्ट्राच्या कायद्यावर, गावाच्या रीतीभातीवर आणि जमिनीखालच्या पाण्यावर इतकी खोल खूण क्वचितच दुसऱ्या दुष्काळाने ठेवली असेल.

दख्खनला दुष्काळ नवा नव्हता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेनुसार बारा वर्षे चालला. १६३० च्या दुष्काळात तुकाराम महाराजांचा व्यवहार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. ते दुःख त्यांनी स्वतःच अभंगातून सांगितले आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने कामे काढली, पण मजुरी इतकी तोडली की एक पौंड धान्यावर, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी दाण्यांवर, माणसाने दिवसभर राबावे अशी अपेक्षा होती. त्याच काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी सत्यशोधक समाजातर्फे धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले. लोकांचे हाल पाहून पेटलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये बंड केले. पुढे सरकारने ‘फॅमिन कोड’ आणला. दुष्काळ जाहीर करणे, कामे काढणे, हजेरी आणि मजुरी या सगळ्याची रीत त्यात बांधून दिली होती. स्वतंत्र भारतातील दुष्काळी कामांचा सांगाडा तिथूनच आला. मात्र त्या व्यवस्थेत काम ही सरकारची मेहेरबानी होती. मजुराला त्यावर हक्क सांगता येत नसे.

१९७२ साली सोलापूर, अहमदनगर, पुण्याचा पूर्व भाग, साताऱ्याचे माण-खटाव, सांगलीचा पूर्व भाग, औरंगाबाद, बीड आणि उस्मानाबाद या पट्ट्याला सर्वांत जास्त झळ बसली (जालना आणि लातूर हे जिल्हे तेव्हा झालेले नव्हते). सलग तिसऱ्या वर्षी पाऊस हुकल्याने खरीप आणि रब्बी दोन्ही गेले. ज्वारी-बाजरीची कणगी रिकामी झाली, दावणीची जनावरे मातीमोल भावाने विकली गेली. लोकांनी तरोटा, कुर्डू, पाथरी अशा रानभाज्यांवर दिवस काढले. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळे. तिला सगळे ‘मिलो’ म्हणत. तिची भाकरी धड थापता येत नसे, आणि ती खावी लागल्याची लाज कित्येक घरांनी पुढे अनेक वर्षे बाळगली. मुलांना आणि मजुरांना वाटलेली गोडसर ‘सुकडी’ मात्र त्या काळात लहान असलेल्यांच्या जिभेवर आजही आहे. एकाच दुष्काळाची आठवण आई-बापांसाठी मिलोची आणि मुलांसाठी सुकडीची असावी, हा फरक मला फार बोलका वाटतो.

मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने कामे काढली ती प्रचंड प्रमाणावर. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्ते, बांधबंदिस्ती, नाला बंडिंग, पाझर तलाव आणि खडी फोडणे अशी ती कामे होती. ‘खडीवर जाणे’ हा वाक्प्रचारच रूढ झाला. या कामांमुळे आणि रेशनमुळे भूकबळींची मोठी लाट आली नाही. दुष्काळ-अभ्यासात या अनुभवाचा दाखला जगभर दिला जातो तो यासाठी. कामावर बायकांची संख्या मोठी होती. आयुष्यभर घरच्या किंवा मालकाच्या शेतात राबलेल्या बाईचे नाव प्रथमच मस्टरवर चढले, तिच्या कष्टाला सरकारी वहीत हजेरी लागली. बांधावरची सधन शेतकरीण आणि भूमिहीन मजूर बाई एकाच रांगेत बसून दगड फोडत होत्या. दारिद्र्य हे नशीब किंवा आळसाचे फळ आहे, या समजाला या रांगेने जो तडा दिला तो भाषणांनी दिला नसता.

या अनुभवातूनच रोजगार हमी योजनेला बळ मिळाले. कल्पना आधीची होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६० च्या दशकात सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात तिचा प्रयोग करून पाहिला होता. काम मागणाऱ्याला काम दिलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. दुष्काळात लाखो हात मस्टरवर आले, त्यांनी मोर्चे काढले, मजुरीसाठी झगडा केला. तेव्हा ही कल्पना अशक्य वाटेनाशी झाली. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला आणि शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून गावातल्या मजुराच्या कामासाठी पैसा उभा राहू लागला. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असे त्याचे वचन होते. २००५ चा देशव्यापी रोजगार हमी कायदा याच वाटेने आला. प्रत्यक्षात मस्टरवरची खोटी नावे, थकलेली मजुरी, अर्धवट सोडलेली कामे हे सारे घडले, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तरीही मजुराला ‘मला काम द्या’ हे कायद्याच्या आधाराने म्हणता येऊ लागले, ही या दुष्काळाची सर्वांत मोठी देणगी मानावी लागेल.

विहिरी आटल्या की जात आणखी उघडी पडते. गावविहिरीवर दलितांना बंदी होतीच; टंचाईत ती अधिक कडक झाली. १९७२ च्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली. अशाच अत्याचारांच्या संतापातून त्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेतली आणि गावोगाव फिरून सर्वांसाठी एकच विहीर खुली करण्याचा आग्रह धरला. शहरांत महागाईने कळस गाठला होता. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने हजारो बायका लाटणी घेऊन मोर्च्यात उतरल्या.

पाण्याचा विचारही याच काळात बदलला. पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे दुष्काळ पाहून पुरंदर तालुक्यातील नायगावला गेले आणि तिथे त्यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरवायचा, माणशी अर्ध्या एकराचे पाणी द्यायचे, भूमिहीनालाही वाटा ठेवायचा, आणि उसाला परवानगी नाही असे त्याचे नियम होते. उसाबद्दलचा हा एक नियम साऱ्या महाराष्ट्राने मानला असता तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता, असे मला वाटते.

कारण दुसऱ्या बाजूने कातळ फोडणारी यंत्रे आली होती. जालना आणि सोलापूर भागात मिशनरी संस्थांनी खडकात बोअर घेऊन टिकाऊ हातपंप बसवले. सोलापुरी हातपंपातच सुधारणा होऊन पुढे युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि गावोगाव हापसा आला. पिण्याच्या पाण्यापुरते ते वरदान होते. विजेचा पंप मात्र त्या बोअरला लागला तेव्हा कातळाखाली साठलेले पाणी बागायतीकडे वळले. खाण्यातही बदल झाला. देशी ज्वारीची जागा संकरित वाणांनी घेतली, आणि म्हातारी माणसे नव्या पिढीला ‘हायब्रीड खाल्लेली’ म्हणू लागली.

बीड आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या आधीपासून होत्या. या दुष्काळानंतर त्या वाढत गेल्या. पुण्या-मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आलेल्या अनेक कुटुंबांचा शहरातला इतिहासही बहात्तरपासूनच सुरू होतो.

२०१२-१३ आणि २०१५-१६ मध्ये मराठवाडा पुन्हा होरपळला, तेव्हा गावातली जुनी माणसे एकच वाक्य बोलत होती: “बहात्तरला खायला नव्हतं, पण विहिरीला पाणी होतं, आता दाणं हायेत, पण पाणी न्हाई.” एप्रिल २०१६ मध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. पहिल्या फेरीत दहा टाक्यांत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते, आणि साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर कापून ते आलेले पाहायला लातूर स्थानकावर लोकांनी गर्दी केली होती.