रोखठोक आणि फटकळ: क्लायंटशी बोलताना

आमच्या वऱ्हाडात तोंडावर बोलणाऱ्या माणसाला मान आहे. ‘त्याच्या पोटात एक अन् ओठात एक नसते’ असं कोणाबद्दल म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. गडबड इथेच होते. आवाज चढवून, समोरच्याला झाडून बोलणाराही मग रोखठोक म्हणून खपतो. मी वर्धा, यवतमाळ, अमरावती या जिल्ह्यांतल्या बचत गटांना आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना मार्केटिंगचा सल्ला देतो. या दोन बोलण्यांतला फरक मी एका गटाचं मन दुखावून शिकलो.

समुद्रपूर तालुक्यातल्या महिलांचा हळदीचा गट. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे माल त्या-त्या भागातला असल्याची सरकारी ओळख) मिळालेलं, त्यामुळे आपली हळद पाकीटबंद करून पुण्याच्या दुकानांत पाठवायची असं त्यांनी ठरवलेलं. बैठकीत पाऊचचा नमुना आला. वर मोठ्या अक्षरांत ‘सेंद्रिय’, खाली ‘मधुमेहावर रामबाण’, कोपऱ्यात मानांकनाचं चिन्ह. बारा-तेरा बाया, बँकेचे एक साहेब, समोर चहा. मी नमुना हातात घेतला आणि म्हणालो, “हे फुकट वाटलं तरी कोणी घेणार नाही.”

सगळ्या गप्प झाल्या. अध्यक्ष ताईंनी तो पाऊच माझ्या हातून घेतला, उलटा करून मांडीवर ठेवला आणि पदर सारखा करत म्हणाल्या, “दादा, तुमी म्हणून राह्यले थे खरं असन. पण आता काय करायचं, थे सांगा न.”

माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. मी माझी नापसंती बोलून मोकळा झालो होतो. पाकिटात नेमकं काय चुकलं, ते का चुकलं, कशाने सुधारेल, यातलं काहीच त्या वाक्यात नव्हतं. यालाच मी फटकळपणा म्हणतो.

तीच गोष्ट रोखठोक सांगायची तर अशी सांगायला हवी होती: “ताई, ‘मधुमेहावर रामबाण’ छापता येणार नाही. मधुमेह बरा करतो अशा जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. ‘सेंद्रिय’ लिहून दुकानात ठेवायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस या सरकारमान्य सेंद्रिय योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं, ते आपल्याकडे नाही. मानांकनाचं चिन्ह लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, तीही झालेली नाही. तीन मोठे दावे, तिन्ही काढावे लागतील. आणि पाऊचवरच्या छपाईला रंगागणिक वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, बनतो. तो बनल्यावर एक अक्षर बदलायचं तरी पुन्हा खर्च. म्हणून सिलिंडर आत्ता नकोच. साधे उभे पाऊच घ्या, ५०० स्टिकर छापा, त्यावर अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर, वजन, किंमत, बॅच आणि पॅकिंगची तारीख टाका.”

माझ्या त्या एका वाक्यापेक्षा हे कितीतरी कडू आहे. गटाच्या सगळ्या उत्साहावर यात पाणी पडतं, धीराचा एक शब्द नाही. तरी ऐकणाऱ्याला उद्या सकाळी कोणाला फोन लावायचा ते कळतं. म्हणून बोलणं किती झोंबलं यावरून मी आता काही ठरवत नाही. झोंबणं दोन्हीकडे असतं.

मग ओळखायचं कशावरून? माझ्या मते सगळ्यात पक्की खूण ही, की त्या बोलण्याने सल्लागाराचं काय जातं. वरुडकडच्या एका संत्रा बागायतदार काकांना आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी निघणारी, संत्री फेसबुकवर जाहिरात करून थेट घरपोच विकायची होती. नोव्हेंबर संपत आलेला, अर्धा माल व्यापाऱ्याला गेलेला. काका पैसे मोजायला तयार होते. मी म्हणालो, “काका, यंदा जाहिरात करू नका. तुमची पेटी प्रवासात टिकते का, हेच अजून पाह्यलं नाही. आधी ओळखीतल्या दहा घरी ट्रॅव्हल्सने पेट्या पाठवा. किती फळं दबली ते मोजा. मृग बहाराच्या, म्हणजे पुढच्या तोडीच्या, वेळी बसू.” काका चिडले. “पैसे मी देऊन राह्यलो, तुले काय तरास?” त्या हंगामाची माझी फी गेली. माझी ही वाक्यं अगदी हळू आवाजातली होती, तरी हेच रोखठोक.

उलट ‘तुम्हाला मार्केटिंगमधलं काही कळत नाही, सगळं माझ्यावर सोडा’ असं दरडावणारे सल्लागार मी पाहिलेत. ऐकायला ते फार सडेतोड वाटतं. पण त्यात सल्लागाराचा काहीच तोटा नाही, उलट काम वाढतं. तोच माणूस महिन्याच्या शेवटी ‘चाळीस हजार लोकांपर्यंत पोचलो’ असा रिपोर्ट देतो आणि ऑर्डरी किती आल्या ते खाली बारीक अक्षरात टाकतो. ‘चाळीस हजारांनी पाहिलं, ऑर्डरी तीन आल्या, पैसा वाया गेला’ एवढं त्याच्या तोंडून निघत नाही.

भिडेखातर गोड बोलण्याबद्दल वेगळं काय सांगू? भीड भिकेची बहीण, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. गटाचा पैसा म्हणजे दर महिन्याला शंभर-दोनशे टाकून जमवलेली बचत. ती बुडताना दिसत असूनही ‘छान आहे, बघू’ म्हणणं मला फटकळपणाहून वाईट वाटतं.

जागा आणि वेळ मात्र सांभाळावी लागते. गावात बैठकीत बोललेलं संध्याकाळपर्यंत पारावर पोचतं. बँकेच्या साहेबांसमोर अध्यक्षांची चूक काढली की ती चूक उरत नाही, ताईंचा अपमान उरतो, आणि पुढच्या वेळी नमुना छापून झाल्यावरच तुमच्यासमोर येतो. मी पुढच्या आठवड्यात ताईंच्या घरी गेलो, ओट्यावर बसून माफी मागितली आणि वरचं सगळं एकेक करून सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, मधेच थांबवून ‘सेंद्रिय’वर दोनदा विचारलं.

स्टिकरचा नमुना तयार झाला तेव्हा छापायच्या आधी त्यांनी मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, “काय चुकलं थे सांगा. पण फोनवर सांगा, ग्रुपवर नोका टाकू.”