येनेफर की ट्रिस? ‘विचर’वरच्या वादाची पार्श्वभूमी

आमच्याकडे दादरला गणपतीत सगळी भावंडं जमतात. रात्रीची आरती झाली, खिरापत वाटून झाली की माझा मामेभाऊ आणि त्याची धाकटी बहीण यांच्यात एक वाद हमखास पेटतो. ‘विचर’ या पोलिश कथा-कादंबऱ्यांतल्या आणि त्यांवरच्या व्हिडिओ गेममधल्या या दोन चेटकिणी; नायकाने कोणाची निवड करायची, हा वाद. तो ट्रिसच्या बाजूचा, ती येनेफरच्या. १९ मे २०१५ ला आलेला ‘द विचर ३’ दोघांनीही शेवटपर्यंत खेळलाय. बहिणीने आधी पुस्तकं वाचली होती, भावाने नाही. “जी बाई दोन गेम दिसतच नाही, तिने तिसऱ्यात येऊन हक्क सांगायचा आणि ट्रिसने गुपचूप बाजूला व्हायचं?” असं त्याचं म्हणणं. “दादा, तू गोष्ट मधूनच उचललीयस,” असं तिचं.

मला तिचं वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. ‘विचर’बद्दल आपल्याकडे जी मतं इतक्या तावातावाने मांडली जातात, त्यांतली बरीचशी नुसत्या आवडीनिवडीची नाहीत. कोणाच्या हाती आधी काय पडलं, यावरून ती ठरलेली आहेत. आणि आपल्या हाती आधी काय पडावं, हे पोलंडमध्ये आणि पुढे इंग्रजी अनुवादात जे घडलं त्यावर ठरलं.

सुरुवात एका मासिकाच्या कथास्पर्धेपासून आहे. आंजेय सापकोव्स्की हे वुच शहरातले, अर्थशास्त्र शिकलेले, परदेशी व्यापाराच्या क्षेत्रात नोकरी करणारे गृहस्थ. ‘फांतास्तिका’ या पोलिश मासिकाच्या स्पर्धेला त्यांनी एक कथा पाठवली. पैसे घेऊन राक्षस मारणारा एक फिरस्ता, म्हणजे ‘विचर’, गेराल्ट त्याचं नाव, आणि राजाची शापित मुलगी. कथेचा तिसरा नंबर आला आणि डिसेंबर १९८६ च्या अंकात ती छापून आली. लेखक तेव्हा ३८ वर्षांचे होते.

मराठी वाचकाला ही वाट अनोळखी वाटू नये. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. कथेवर नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात लेखक होते जयंत विष्णू नारळीकर, त्या वेळी कुलाब्याच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेत काम करणारे. स्पर्धेतून निघालेली, मासिकातून घराघरांत गेलेली कथा वाचक आपली मानतो. पोलंडमध्ये गेराल्ट तसाच वाढला. आधी कथा, मग १९९४ ते १९९९ या काळात पाच कादंबऱ्या. गेम निघाला तेव्हा त्या देशातल्या वाचकांना त्याची आठ वर्षांपूर्वीच संपलेली गोष्ट ठाऊक होती.

आता गेमवाल्यांकडे येऊ. मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या शाळेतल्या मित्रांनी १९९४ मध्ये सीडी प्रोजेक्ट कंपनी काढली. धंदा परदेशी गेमच्या सीडी आणून विकण्याचा. वॉर्सॉच्या कॉम्प्युटर बाजारात तेव्हा चोरीच्या कॉपींची चलती होती. ज्यांनी मुंबईतला जुना लॅमिंग्टन रोड किंवा मनीष मार्केट पाहिलंय, त्यांना तो बाजार डोळ्यांसमोर आणायला काहीच कष्ट नाहीत. पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात सीडी, वर मार्करने लिहिलेलं नाव, आणि “चालली नाही तर बदलून देतो” हा शब्द. अशा ठिकाणी खरा डबा विकायचा तर त्यात चोरीच्या सीडीत नसलेलं काहीतरी हवं. १९९९ मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा गेम संपूर्ण पोलिशमध्ये आणला, नामवंत नटांचे आवाज घेतले, डब्यात नकाशा आणि जाडजूड नियमपुस्तिका घातली. तो जोरात खपला.

गिऱ्हाइकाला जास्तीचं काही द्यायची ही सवय पुढे टिकली. २०१५ मध्ये मी लॅमिंग्टन रोडवरून ‘विचर ३’चा डबा घरी आणून उघडला, तेव्हा आत नकाशा होता, स्टिकर होते, संगीताची सीडी होती, आणि गेम विकत घेतल्याबद्दल बनवणाऱ्यांनी आभार मानणारं पत्र होतं. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय. पुढे गेममध्ये १६ छोट्या गोष्टींची फुकट भर पडली. या गेमविषयी बोलताना मंडळींच्या आवाजात जो जिव्हाळा येतो, तो कथेइतकाच या वागणुकीतूनही आलेला आहे.

स्वतःचा गेम करायचा ठरल्यावर त्यांनी सापकोव्स्कींकडून हक्क घेतले. त्याआधी नव्वदच्या दशकात दुसऱ्या एका पोलिश कंपनीने ‘विचर’वर गेम करायला घेतला होता आणि तो अर्धवट राहिला होता. लेखकाला गेमवर भरवसा नव्हता. नफ्यात वाटा नको, रोख रक्कम द्या, असं त्यांनी सांगितलं आणि साधारण ३५,००० झ्लॉटींवर (झ्लॉटी म्हणजे पोलंडचं चलन) व्यवहार झाला.

पुस्तकं वाचायची राखून ठेवली असतील, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

१९९९ च्या शेवटच्या कादंबरीत दंगलीत गेराल्टच्या पोटात त्रिशूळासारखं शेतीचं हत्यार घुसतं, आणि सिरी, म्हणजे त्या दोघांनी मुलीसारखी सांभाळलेली पोर, त्याला आणि येनेफरला नावेतून धुक्यापलीकडे घेऊन जाते. तो जिवंत आहे की नाही, हे लेखक उघड सांगत नाही. ऑक्टोबर २००७ च्या पहिल्या गेमने गोष्ट तिथून पुढे उचलली. गेराल्ट परत येतो, पण त्याची स्मृती गेलेली असते. नव्या खेळाडूसाठी ही सोय उत्तम, कारण त्याच्याइतकंच नायकालाही काही माहीत नाही. पण त्या सोयीची किंमत येनेफरने मोजली. ती पहिल्या गेममध्ये नाहीच, आणि तिची जागा ट्रिस घेते. पुस्तकांत ट्रिस येनेफरची मैत्रीण आहे, सिरीला थोरल्या बहिणीसारखी आहे. गेममध्ये एक अद्भुत रक्ताचं अनाथ मूल आणि त्याला सांभाळणारी चेटकीण अशी पुस्तकातली घडी पुन्हा घातली, फक्त नावं बदलून. वाचकांना ते खटकलं आणि माझ्या मते रास्त खटकलं. प्रत्येक प्रेमप्रकरणानंतर त्या बाईचं चित्र असलेला, खेळायच्या पत्त्यासारखा पत्ता बक्षीस मिळायचा, तेही अनेकांना आवडलं नाही. दुसऱ्या गेममध्ये ते पत्ते राहिले नाहीत.

मुंबईत या तक्रारींचा अर्थ लागायला इतका वेळ का लागला, याचं उत्तर अनुवादांच्या तारखांमध्ये आहे. पहिला कथासंग्रह इंग्रजीत २००७ मध्ये आला, पहिली कादंबरी २००८ मध्ये. त्यानंतर पाच वर्षं काहीच नाही. दुसरी कादंबरी २०१३, तिसरी २०१४. ज्या संग्रहात गेराल्ट आणि सिरी पहिल्यांदा भेटतात, तो इंग्रजीत यायला २०१५ साल उजाडलं, म्हणजे सिरीला शोधण्यावर उभा असलेला तिसरा गेम आला तेच वर्ष. शेवटच्या दोन कादंबऱ्या २०१६ आणि २०१७. आपल्याकडचा खेळाडू इंग्रजीवर अवलंबून. पुस्तकातला शेवट अधिकृत अनुवादात वाचायची सोय होण्याआधीच तो गेममधला शेवट पाहून बसला होता. माझ्या मामेभावाने ट्रिसची बाजू घेतली ती अशी. ती दोन गेम त्याच्यासमोर होती, सुखदुःखात होती. येनेफर त्याला परकी वाटली, यात त्याची काय चूक?

एक प्रसंग सांगतो. तिसऱ्या गेममध्ये येनेफर गेराल्टला घेऊन एका जिनच्या शोधात निघते. शेवटी दोघं डोंगरमाथ्यावर फुटक्या जहाजाच्या कडेला बसतात आणि ती विचारते, जादू उतरली, आता काही वेगळं वाटतंय का? भावाने हे एक बरं काम म्हणून उरकलं होतं. बहीण त्या जागी कंट्रोलर खाली ठेवून बसून राहिली होती. ही दोघं एकमेकांची झाली ती गेराल्टने एका जिनकडे मागितलेल्या इच्छेमुळे की खरोखरच, हा प्रश्न तिने पहिल्याच कथासंग्रहात वाचलेला होता आणि इतकी वर्षं बरोबर वागवला होता.

दुसरी गोष्ट मात्र पुस्तकं न वाचताही आपल्या माणसांना थेट भिडली. सापकोव्स्कींनी स्लाव लोककथांमधली भुतं घेतली, गेमने त्यांत भर घातली. पहिल्याच गावात भर दुपारी विहिरीपाशी दिसणारी बाई आहे. बारा वाजता रानात जाऊ नको, असं सिंधुदुर्गातल्या आजीकडून ऐकत वाढलेल्या गिरगाव-परळच्या मुलाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. आणि बॅरन या गेममधल्या एका सरदाराची गोष्ट. त्याच्या घरी दिवस भरण्याआधीच गेलेलं मूल बिननावाचं पुरलेलं असतं, ते विद्रूप होऊन उठतं. ते मारता येतं. पण दुसरी वाटही आहे. बापाने त्याला हातांत घ्यायचं, रात्रीच्या अंधारात घरापर्यंत आणायचं, नाव ठेवायचं आणि उंबऱ्याखाली पुरायचं. मग तेच घराची राखण करतं. मी हे पहिल्यांदा खेळलो तेव्हा आई मागे भाजी निवडत बसली होती. स्क्रीनकडे बघत ती म्हणाली, “म्हणजे राखणदार झाला की तो.” कोकणात वर्षाला रोट देऊन ज्याचा मान राखतात, तो राखणदार. बॅरन ते मूल उचलतो तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

तांत्रिक तक्रारी होत्याच. २०१३ मध्ये दाखवलेल्या झलकेपेक्षा प्रत्यक्षातली चित्रं फिकी आहेत यावरून २०१५ मध्ये बरंच वादळ उठलं, टीव्हीवर अक्षर बारीक दिसायचं, गेराल्ट वळायला जड वाटायचा. पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे कंपनीने नंतर दिलेल्या दुरुस्त्यांमध्ये, अक्षर मोठं झालं, चालण्याची दुसरी पद्धतही आली. हे वाद आज फारसं कोणी उकरत नाही.

लेखकाचा आणि कंपनीचा हिशेब मात्र अपुरा राहिला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये सापकोव्स्कींच्या वकिलांनी किमान ६ कोटी झ्लॉटींची मागणी केली. सौदा त्यांनी स्वतःच केला होता, हे खरं. तरी मी लेखकाच्या बाजूचा आहे. ज्या माणसाच्या कथेतून हे सगळं उगवलं, त्याला ३५,००० वर थांबवणं मनाला पटत नाही. २० डिसेंबर २०१९ ला दोघांत नवा करार झाला. त्याच दिवशी या कथांवरची मालिका नेटफ्लिक्सवर आली, आणि तिसऱ्या दारातून आणखी एक पिढी आत शिरली. २०२३ पर्यंत तिसऱ्या गेमच्या ५ कोटींहून जास्त प्रती खपल्या.

डिसेंबर २०२४ मध्ये चौथ्या गेमची पहिली झलक आली आणि त्यात नायिका सिरी दिसली. त्यावरून आमच्या घरातल्या बाजू फिरल्या. येनेफरसाठी भांडणारी बहीण खूश, कारण तिच्या लेखी कादंबऱ्या पहिल्यापासून सिरीच्याच आहेत. गेराल्टवाचून विचर कसला, असं म्हणणारा भाऊ थोडा हिरमुसला. मग जानेवारीत त्याने बहिणीकडून दोन्ही कथासंग्रह मागून नेले. परवा, गेराल्टला सिरी पहिल्यांदा भेटते त्या कथेपाशी पोचल्यावर, त्याचा मेसेज आला : “ब्रोकिलॉनच्या जंगलापर्यंत आलोय. सिरी केवढीशी आहे रे इथे.”