अलाइनमेंट ‘ओके’, मग गाडी अशी का चालते?

शॉकअप किंवा लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) बदलल्यावर गाडी वेगळीच वागायला लागली की सल्ला ठरलेला असतो: ‘अलाइनमेंट करून घ्या’, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घ्या. सल्ला बरोबरच आहे. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) सोडून परत बसवला की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हलतो आणि त्याच्यामागे टोही (चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलंय ते). पण मशीनवरचे सगळे आकडे हिरवे असूनही गाडी कडक उसळत असेल किंवा एका बाजूला किंचित उंच उभी राहत असेल, तर मला पहिला संशय येतो बुशचा.

बुश म्हणजे आर्म गाडीला जोडतो त्या सांध्यातल्या, एकात एक अशा दोन धातूच्या नळ्या आणि मध्ये दोन्हींना पक्कं चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी सबफ्रेमला (गाडीखालच्या चौकटीला) जखडते, बाहेरची आर्मबरोबर फिरते. घसरत काहीच नाही. रबरच पिळलं जातं. आता या रबराचा शून्य अंश (अजिबात पीळ नसलेला कोन) कुठला? बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात होता, तो. आणि बोल्ट लिफ्टवर आवळला, तर तिथे गाडीची चाकं खाली लोंबत असतात!

समजा, लोंबता आर्म आणि जमिनीवरच्या गाडीचा आर्म यांत 15 अंशांचा फरक आहे. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाही रबर 15 अंश पिळलेलं. गतिरोधकावर चाक आणखी 10 अंश वर गेलं की पीळ 10 नव्हे, 25 अंशांचा. रबरातला कर्तन प्रतिबल (पिळामुळे येणारा ताण) त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे तो आतल्या नळीलगत सर्वाधिक. चीर सहसा तिथूनच सुरू होते. दोन्ही बाजूंचे बोल्ट वेगवेगळ्या कोनांत आवळले असतील तर एक बाजू उचललेली राहते.

उपाय फुकटातला आहे. बोल्ट ढिले करायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मग टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या मापाला आवळायचे. पॉलियुरेथेनचे बुश बहुधा चिकटवलेले नसतात, ग्रीसवर फिरतात. त्यांना हा नियम लागू नाही.

बाकीचं झटपट. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं? आधी बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का) बघा. गाडी एकीकडे ओढते? पुढचे टायर डावे-उजवे बदला (दिशेचा बाण असलेले सोडून). ओढ उलटली तर दोष टायरचा. यावर टायरमध्ये नायट्रोजन भरा म्हणणारेही भेटतात. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच, आणि ओढ काही त्याने जात नाही.

डावं वळण घेतल्यावर गाडी डावीकडे आणि उजवं घेतल्यावर उजवीकडे रेंगाळत असेल, तर स्ट्रटच्या वरच्या माउंटचं (स्ट्रट जिथे बॉडीला जोडतो त्या भागाचं) बेअरिंग तपासा. चुकलेलं अलाइनमेंट अशी बाजू बदलत नाही.